तालुक्याचे तेल

खाद्यतेलाच्या पुरवठ्याविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा एका आकड्यापासून सुरू होते आणि त्याच आकड्यापाशी येऊन थांबते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक, अलीकडच्या सरकारी हिशेबाप्रमाणे सुमारे ५७ टक्के तेल परदेशांतून येते; वर्षाकाठी १६० लाख टनांच्या आसपास माल जहाजांतून आपल्या बंदरांत उतरतो; पाम तेल इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीनचे अर्जेंटिना व ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे रशिया व युक्रेनमधून. हा आकडा खरा आहे आणि त्याची चिंता करणारेही खोटे नाहीत. परंतु तो सबंध देशाची बेरीज आहे, आणि बेरजेत कोणत्या प्रदेशाने काय गमावले, केव्हा गमावले आणि कोणाच्या हुकमाने गमावले याचा पत्ता लागत नाही. म्हणून हा प्रश्न मला दुसऱ्या टोकाने, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कशेळे या गावाच्या आणि त्याच्या आसपासच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांच्या बाजूने मांडावयाचा आहे. माझे म्हणणे असे की, या मुलखाचे तेल आटले त्याला जमिनीचा कस किंवा झाडांचा वांझपणा कारण झाला नाही. बी आणि तेल यांच्या दरम्यान जी व्यवस्था उभी असावी लागते, म्हणजे जमिनीवरचा हक्क, झाडावरचा हक्क, जवळचा घाणा आणि सुगीच्या दिवसांत घरी असलेले माणूस, ती व्यवस्था शंभर-सव्वाशे वर्षांत एकेका निमित्ताने मोडत गेली, आणि ती पुन्हा बांधल्यावाचून स्वावलंबनाची कोणतीही योजना या तालुक्यापर्यंत पोहोचणार नाही.

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळे वसले आहे. पूर्वेस भीमाशंकरचा सह्याद्री भिंतीसारखा उभा, त्याच्या पायथ्याशी खांडस, अलीकडे कोथळीगडाचा सुळका. खाली सपाटीवर भाताची खाचरे आणि वर उतारावर वरकस जमीन. कोकणच्या शेतीविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांचे लक्ष खाचरांपाशीच खिळते, कारण सारा भरणारी जमीन ती, आणि सरकारी दप्तरात ज्या जमिनीला किंमत तिलाच पुस्तकांतही जागा. पण तेलाचा इतिहास शोधावयाचा तर वरकसावर चढावे लागते. राब भाजून पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे हरिक, तीळ किंवा खुरासणी, आणि मग काही वर्षे जमिनीला विसावा, असा तेथील पाळीचा क्रम होता. देशावर जिला कारळे म्हणतात ती ही खुरासणी पावसाळ्याच्या मध्यास हलक्या, उताराच्या, दुसरे काही न पिकणाऱ्या जमिनीत टाकली जाई. तिला खत नको, पाणी नको. गुरे तिला तोंड लावीत नाहीत म्हणून कुंपण नको. हवे असते ते एवढेच की फुलोऱ्याच्या दिवसांत रानात मधमाश्या असाव्यात, कारण त्यांच्यावाचून तिच्यात दाणा धरत नाही. आश्विन-कार्तिकात डोंगरउतार पिवळेधमक करून टाकणारे हे पीक मार्गशीर्षाच्या आत घरात येई. तिच्या दाण्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेल असते.

दुसरे तेल झाडाचे. मोहाविषयी आपल्या सुशिक्षित समाजाला फुलापलीकडे फारसे ठाऊक नसते, आणि फुलाविषयीही दारूपलीकडे नसते. चैत्राच्या सुमारास फुले गळतात. त्यानंतर फळे धरून वैशाख-ज्येष्ठात, पाऊस तोंडावर आला असताना, त्यांच्या बिया म्हणजे मोहट्या पडू लागतात. त्या वेचावयाच्या, फोडून आतला गर वाळवावयाचा, कुटून वाफवावयाचा आणि मग गाळावयाचा, असे हे सावकाशीचे, बहुतांशी बायकांच्या हातचे काम. निघालेले तेल थंडीत तुपासारखे थिजते. ते भाकरी-भाजीला चालते, दिव्याला चालते, थंडीत उललेल्या टाचांना चालते. आणि मागे राहिलेली पेंड जनावरांना घालण्याजोगी नसली तरी शेतातील किडीवर आणि ओढ्यातील मासे गुंगविण्यास कामास येते. वर्षाचा पहिला मोठा पाऊस पडण्यापूर्वी घरात आलेले हे तेल पावसाळ्याच्या त्या चार महिन्यांची बेगमी असे, ज्या काळात मजुरी बंद, वाट बंद आणि कोठारातले धान्यही तळाला गेलेले असते. म्हणजे खुरासणी हिवाळ्याच्या तोंडाला आणि मोहटी पावसाळ्याच्या तोंडाला, अशी तेलाची वर्षातून दोनदा भरती होत असे. या रचनेतील शहाणपणाची दखल आमच्या एकाही नियोजनकाराने घ्यावी तशी घेतलेली नाही.

हे एकट्या कशेळ्याचे वैशिष्ट्य नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचा तेलाचा नकाशा काढला तर तो जवळजवळ मातीच्या नकाशावर बसला असता. किनाऱ्यावर खोबरेल, सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर खुरासणी, खानदेशात आणि पश्चिम महाराष्ट्रात भुईमूग, सोलापूर व मराठवाड्याच्या काळ्या, रब्बीच्या जमिनीत करडई, विदर्भात जवस, कापसाच्या मुलखात सरकी, गडचिरोली-गोंदियाच्या रानात मोहाची टोरी. फोडणीच्या वासावरून माणूस कोणत्या जिल्ह्यातला हे ओळखता यावे अशी ही विविधता होती. आमच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तर तेल गाळणाऱ्यांचीही विविधता होती. अलिबाग, पेण, पनवेल या भागांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक हा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. समुद्रापलीकडून आलेली एक जमात या भूमीत रुजली ती तेलाच्या घाण्याभोवती, यावरून त्या काळच्या ग्रामव्यवस्थेत घाण्याला केवढे स्थान होते ते ध्यानात यावे. आज हा सारा नकाशा दोन-तीन रंगांत आटोपतो. करडई काटेरी, तिच्या काढणीला मजूर मिळेना, तिची जागा हरभऱ्याने घेतली. भुईमूग आणि जवस मागे हटले. आणि महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर एकटे सोयाबीन पसरले. त्या सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के. बाकीची पेंड, जी कोंबड्यांना आणि गुरांना जाते. तेव्हा सोयाबीनला तेलबी म्हणून आपण गणतो खरे, पण त्याचा भाव पेंडीच्या बाजारावर हालतो आणि तेल हे त्याचे दुय्यम उत्पन्न असते, ही गोष्ट तेलाच्या स्वावलंबनाचा हिशेब मांडताना विसरून चालणार नाही.

आता मोडतोडीची सुरुवात पाहू. ती बाजाराने केली असे मानण्याची सवय आहे, परंतु या मुलखात पहिला घाव अमलाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने जंगलाची हद्दनिशाणी केली, १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान म्हणजे काय ते ठरविले, आणि डोंगरउतारावरची फिरती शेती हा गुन्हा किंवा फार तर मेहेरबानी ठरली. त्या मेहेरबानीचे कुलाबा जिल्ह्यातले रूप म्हणजे दळी जमीन. ठाकूर-कातकऱ्यांना रानाच्या एका तुकड्यात नाचणी-वरी करण्याची मुभा होती, पण कसणाऱ्याचे नाव मालक म्हणून दप्तरात चढले नाही. जेथे मालकी नाही तेथे विसाव्याला टाकलेली जमीन पुन्हा आपल्याला मिळेल याची शाश्वती नाही. आणि पाळीच्या शेवटच्या वर्षी येणारी खुरासणी नेमकी त्या शाश्वतीवर उभी होती. पोटाला लागणारी नाचणी टिकली, तेलाची पाळी गळाली.

मोहाच्या बाबतीत घडले ते याहून स्पष्ट आहे, आणि त्याची आठवण आज जवळजवळ पुसली गेली असल्यामुळे ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. अबकारीचे उत्पन्न वाढवावे म्हणून १८७८ च्याच अबकारी कायद्यान्वये मुंबई सरकारने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारूचे उत्पादन मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत आणले. आमच्या बाजूची ती भट्टी उरणला होती. तिच्यासाठी मोहाची फुले गुजरातेतील पंचमहालातून आणली जात, आणि तेथून दारू मुंबईला व आसपासच्या जिल्ह्यांना पुरविली जाई. परंतु ज्या माणसाच्या दारात मोह उभा आहे तो सरकारी दारू विकत कशाला घेईल? तेव्हा १८९२ साली मोहफुलांविषयी निराळा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुले जमविण्यावर, बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. कायदा फुलांचा होता, बियांचा नव्हता, असे कोणी म्हणेल. पण मोहाचे झाड एकच असते. ज्या झाडाखाली चैत्रात वेचताना दिसणे धोक्याचे, त्या झाडाची राखण, त्याच्या बुंध्याची झाडलोट, त्याच्यावरचा कुटुंबाचा पिढीजात हक्क, यांना ज्येष्ठातही किंमत उरत नाही. एका बाजूने हे होत असता दुसऱ्या बाजूने मोहाच्या बियांना परदेशांत गिऱ्हाईक मिळाले; पहिल्या महायुद्धापूर्वी त्या मुंबई बंदरातून जर्मनीला साबण व मेणबत्त्यांच्या धंद्यासाठी जात. म्हणजे बियांचे मोल जगाच्या बाजाराला समजले होते. वेचणाऱ्याच्या घरात मात्र त्याच बिया कच्चा माल होऊन बसल्या. महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध उठविले ते २०२१ साली. दरम्यान सव्वाशेहून अधिक वर्षे गेली, आणि तेवढ्या अवधीत मोहाची लागवड कोणी का करावी याला घराघरांतून उत्तर राहिले नव्हते.

यानंतर आला तो बाजार. बोरघाटातून रेल्वे १८६३ सालीच सुरू झाली होती आणि पुढे देशावर भुईमूग वाढू लागला तसे त्याचे गोडे तेल घाट उतरून कर्जत-नेरळच्या दुकानांत येऊ लागले. शिवडीला हिंदुस्थान वनस्पती कंपनीने १९३२ साली कारखाना चालू केला आणि १९३७ पासून डालडा हे नाव घरोघर पोहोचले. गिरणीचे तेल स्वस्त, कारण गिरणी बियांतून अधिक तेल काढते. घाण्याच्या पेंडीत राहून जाणारा अंश विद्रावकाने धुऊन घेण्याची सोय पुढे झाली तेव्हा तर बैलघाण्याचा टिकाव लागणे अशक्य झाले. या प्रश्नाकडे कोणी पाहिलेच नाही असे मात्र नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने, जो. कॉ. कुमारप्पांच्या देखरेखीखाली, घाणीची रचना सुधारण्यावर बुद्धी आणि कष्ट खर्च केले; झवेरभाई पटेल यांची वर्धा घाणी ही त्या परिश्रमाची निष्पत्ती. प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या समितीने १९५५ साली ग्रामोद्योगांना गिरण्यांच्या स्पर्धेपासून संरक्षण द्यावे असे सुचविले. भुईमूग व मोहरीचे तेल गाळण्याचा धंदा लहान उद्योगांसाठी राखीवही होता. ते आरक्षण २०१५ साली रद्द झाले. इतके होऊनही घाणा गेला, याचे कारण मला असे दिसते की संरक्षण घाण्याला दिले गेले, घाण्याला लागणाऱ्या बियांना कोणी दिले नाही. वरकसावरची खुरासणी आणि रानातली मोहटी ज्याच्या हाती नाही, त्या तेल्याच्या घाण्यात सुधारणा करून तो गाळणार काय?

तिसरा घाव पामोलिनचा. १९७० नंतर टंचाईच्या वर्षांत सरकारी महामंडळामार्फत आणलेले हे तेल शिधावाटप दुकानांतून आले, आणि रेशनकार्डावरच्या त्या तेलाने गरीब घरांची चूल सांभाळली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. दहा वर्षांच्या आत देशातील तेलबियांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि १९९० नंतरची काही वर्षे आयात अगदी नाममात्र राहिली. हे आपण एकदा करून दाखविले आहे, ही गोष्ट आजच्या निराशावाद्यांनी लक्षात ठेवावी. पण १९९४ साली पामोलिन खुल्या परवान्यावर आले, त्यावरची ६५ टक्क्यांची जकात उतरत उतरत १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आली, आणि हंगामागून हंगाम आयात वाढत गेली. उरण तालुक्यात न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले होते. कांडला आणि मुंद्रा यांच्याइतके नव्हे, पण तेथेही परदेशी तेल उतरते, टाक्यांत साठते आणि टँकरांतून देशावर जाते. ज्या उरणहून शंभर वर्षांपूर्वी या जिल्ह्याच्या आदिवासींना स्वतःच्या मोहाऐवजी सरकारी दारू येत होती, त्याच उरणहून आता त्यांना स्वतःच्या मोहट्यांऐवजी मलाक्काच्या सामुद्रधुनीपलीकडचे तेल येते. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. दोन्ही वेळा निर्णयामागचा तर्क एकच होता: विखुरलेले उत्पादन मोजता येत नाही, त्यावर कर बसवता येत नाही, म्हणून ते एका जागी आणावे किंवा त्याच्या जागी एका जागी आणता येईल असे काही द्यावे.

अशा पुरवठ्याची किंमत केवळ दुकानातल्या पिशवीवर छापलेली नसते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने आपल्या जनतेसाठी पाम तेलाची निर्यातच थांबविली, ती मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर खुली केली. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या सरकारने शेतकऱ्यांच्या हितासाठी कच्च्या तेलावरची मूळ जकात शून्यावरून २० टक्के आणि शुद्ध तेलावरची साडेबारावरून साडेबत्तीस टक्के केली. पुढच्या मेअखेरीस ग्राहकांच्या हितासाठी कच्च्या तेलावरची जकात १० टक्क्यांवर आणली. लातूरचा सोयाबीन-उत्पादक या चढउतारात एकदा तरी लाभतो. कशेळ्याच्या वाडीवरचा मजूर मात्र दोन्ही वेळा केवळ गिऱ्हाईक असतो. जकात वाढली की त्याला दहा रुपयांत कमी तेल मिळते, आणि उतरली तरी त्याच्या पदरात विक्रेता म्हणून काही पडत नाही. पुरवठ्याच्या प्रादेशिक प्रवृत्तींचा विचार करावयाचा तो यासाठी. जो प्रदेश तेलाचा केवळ ग्राहक उरतो, त्याला राष्ट्राच्या कोणत्याही तेलनीतीत बाजू नसते.

येथे एका आक्षेपाला सरळ उत्तर दिले पाहिजे, कारण तो खोडसाळ नाही. आक्षेप असा की, जुन्या स्वयंपूर्णतेचे हे वर्णन टंचाईवर चढविलेला मुलामा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास हिंदुस्थानात दरडोई तेलाचा खप वर्षाला तीन किलोच्या आसपास होता; वाडीवर तर त्याहूनही कमी असेल, सणासुदीला तळण झाले तर झाले. आजचा खप नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे १९.७ किलो आहे. पाम एका हेक्टरातून चार टनांपर्यंत तेल देतो, खुरासणी शंभर-सव्वाशे किलो. मग कोणत्या तोंडाने गरिबाला खुरासणीकडे परत जा म्हणावयाचे? या आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्णपणे मान्य आहे. स्निग्धाचा तुटवडा हे जुन्या खेड्याचे वास्तव होते आणि त्याचा गौरव करणे अन्यायाचे आहे. पण दुसरा भाग हिशेबात चुकतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मते माणसाला वर्षाला १२ किलो तेल पुरे; पाच जणांच्या कुटुंबाला ६० किलो. वरकसावर हेक्टरी साडेतीनशे किलो खुरासणी आणि घाण्यावर तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढे तेल असा हात राखून हिशेब धरला तरी त्या कुटुंबाची पूर्ण गरज अर्ध्या हेक्टराहून किंचित अधिक जमिनीत भागते, आणि ती जमीन अशी की जिच्यात दुसरे पीक येत नाही, जिला धरणाचे पाणी लागत नाही. पूर्ण वाढलेला मोह चांगल्या वर्षी वीस-पंचवीस किलो बिया देतो असे धरले, आणि मोह दरवर्षी सारखा फळत नाही हेही जमेस धरले, तरी पाच-सहा झाडे असलेले घर आपला अर्धा भार झाडांवर टाकू शकते. पामशी तुलना होते ती सुपीक, पाणथळ, भरपूर भांडवलाच्या जमिनीची. या उताराची तुलना त्याच्या आजच्या स्थितीशी केली पाहिजे, आणि आज तेथे एक तर गवत आहे किंवा मुंबईकरांच्या फार्महाउसचे कुंपण.

चालू योजना या उताराकडे पाहात नाहीत. २०२१ साली ११,०४० कोटी रुपयांचे पाम लागवडीचे राष्ट्रीय अभियान आले, त्याचे लक्ष ईशान्येवर आणि अंदमानवर. २०२४ साली १०,१०३ कोटींचे तेलबियांचे अभियान आले, त्याचा मुख्य भर मोठ्या पिकांवर आहे. खुरासणीला हमीभाव नाही असे नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी तो क्विंटलला ९,५३७ रुपये ठरला, सोयाबीनचा ५,३२८. त्या वर्षीची सर्वांत मोठी वाढही खुरासणीचीच होती. परंतु विकत घेणाऱ्या माणसावाचून हमीभाव म्हणजे कागदावरची रक्कम. १९७६ च्या कायद्यान्वये आदिवासी विकास महामंडळाने जी एकाधिकार खरेदी चालविली तिच्यात भात-नाचणीबरोबर खुरासणीलाही स्थान होते, हे पाहता यंत्रणेचा सांगाडा अस्तित्वात आहे, त्यात प्राण घालावयाचा राहिला आहे. संशोधनाचा पायाही आहे: इगतपुरीच्या केंद्राने सह्याद्रीच्या पावसाला मानवणारे खुरासणीचे सुधारित वाण दिले आहेत. आणि मागणी? भारतातली खुरासणी जहाजांनी अमेरिकेला जाते, तेथे लोक अंगणात येणाऱ्या रानपक्ष्यांना ती घालतात. तणाचे बी त्यांच्या देशात रुजू नये म्हणून ती उष्णतेने निर्जीव करून घेतात. पक्ष्यांना दाणा घालण्यात गैर काही नाही. परंतु आपल्याच डोंगरातील माणसाला स्निग्ध अन्न देणारे बी निर्यातीच्या यादीत पक्ष्यांचे खाद्य म्हणून गणले जाते, आणि त्याच्या पेऱ्याचे देशातील क्षेत्र चाळीस वर्षांत निम्म्याहूनही खाली येते, याची खंत वाटली पाहिजे.

काय करता येईल, तर ज्या क्रमाने व्यवस्था मोडली त्याच क्रमाने ती जोडावी लागेल. पहिली गोष्ट हक्काची. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी वननिवासी आदिवासींना व इतर पारंपरिक वननिवासींना दिली आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक हक्क मिळवून रान सांभाळता येते हे दाखविले आहे. कर्जत व खालापूरच्या वाड्यांनी दळी जमिनीच्या आणि मोहाच्या झाडांच्या हक्काचे दावे नेटाने चालविले पाहिजेत, आणि महसूल कचेरीने ते कागदाच्या अभावी फेटाळण्याऐवजी दळीचे जुने दप्तर स्वतः उघडून पाहिले पाहिजे. दुसरी गोष्ट साठवणीची, आणि तिची परंपरा याच मातीतली आहे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले माथेरानचे भाई कोतवाल केवळ सशस्त्र लढ्यासाठी आठवले जातात. त्याआधी त्यांनी या भागात सावकाराच्या पाशातून आदिवासींना सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. चाळीस वर्षांनंतर कशेळ्यालाच अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने धान्यबँकांचे काम केले आणि भाताचे गावठी वाणही जतन केले. जी कोठी भात सांभाळू शकते ती खुरासणीचे बी व मोहटीही सांभाळील. कशेळे हे बाजाराचे गाव. तेथे विजेवर चालणारी एक लहान घाणी आणि वाडीवाडीच्या कोठीतून तिला मिळणाऱ्या बिया, एवढी सोय झाली तर तेल गाळण्यासाठी बी तालुक्याबाहेर धाडावे लागणार नाही आणि पेंडही येथेच राहील.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते, आणि तिच्याविषयी तेलावर लिहिणारे मौन पाळतात. कातकरी कुटुंब गणपतीच्या आगेमागे वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेते, दिवाळीनंतर बिऱ्हाड हलविते आणि पाऊस जवळ आला की परतते. खुरासणी काढणीला येते ती नेमकी निघण्याच्या वेळी. मोहाची फुले गळतात तेव्हा घराला कुलूप असते. मोहट्या पडतात तेव्हा माणसे नुकतीच परतलेली, थकलेली आणि पुढच्या कर्जाच्या विवंचनेत असतात. केंद्राने मोहाच्या बियांना वनोपज म्हणून किलोला २९ रुपयांचा आधारभाव ठरविला, पण तो भाव वेचून आणणाऱ्यासाठी आहे, आणि वेचणारा चार महिन्यांची मजुरी आधीच खाऊन बसलेला असतो. म्हणून कोठीने बी विकत घेण्याआधी हंगामावर उचल दिली पाहिजे, बिनव्याजी, आणि ती श्रावणात, मुकादम वाडीवर येण्यापूर्वी. पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीला यासाठी नवा कायदा लागणार नाही; खावटी कर्जाची प्रथा तिच्या खात्याला जुनी आहे, आणि तेच कर्ज भाताऐवजी खुरासणीच्या व मोहटीच्या रूपाने परत घेण्याची तरतूद केली म्हणजे पुरे. पुढच्या श्रावणात एका वाडीपुरती ही उचल वाटली गेली, तर कार्तिकात तेथील किती घरे भट्टीवर न जाता खुरासणी झोडण्यासाठी मागे राहतात, हे मोजता येईल.